गेटवे ऑफ इंडिया आणि परिसरातली स्मारकं: मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेटवे हे युद्धस्मारक आहे का?

नाही. सहलीच्या वह्यांमध्ये, कधीकधी फलकावरच्या माहितीतसुद्धा हा घोळ दिसतो. युद्धस्मारक आहे ते दिल्लीचं इंडिया गेट. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांसाठी ते बांधलं, १९३१ साली त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. मुंबईचा गेटवे राजाच्या स्वागताची आठवण म्हणून उभा राहिला. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, ही घटना कमानीच्या माथ्यावरच्या इंग्रजी मजकुरात लिहिलेली आहे. तिथे साल रोमन आकड्यांत आहे, त्यामुळे मुलांना ते आधी फळ्यावर लिहून दाखवा.

पण गेटवेपासून चालत किंवा दहा-पंधरा मिनिटांच्या टॅक्सीच्या अंतरावर खरी स्मारकं आहेत: अफगाण युद्धाचं, नाविकांच्या उठावाचं, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं. बहुतेक सहली कमानीसमोर फोटो काढून होडीकडे वळतात आणि ही स्मारकं राहून जातात. एवढा रात्रभराचा प्रवास करून येता, तर ती बघूनच परता.

राजा १९११ ला आला आणि कमान १९२४ ला झाली, असं कसं?

राजा उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याची तात्पुरती कमान होती. पायाभरणी ३१ मार्च १९१३ ला झाली, जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. त्यानंतरची वर्षं समुद्रात भर घालून जमीन तयार करण्यात आणि धक्क्याची भिंत बांधण्यात गेली. पाया १९२० ला पुरा झाला आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. खर्च २१ लाख रुपये.

पैसे संपल्याची खूण आजही दिसते. कमानीकडे येणारा सरळ, रुंद रस्ता करायचा होता, तो झालाच नाही. त्यामुळे रस्त्यावरून येताना कमान समोर नीट न येता तिरपी दिसते. फोटोत ती वाकडी येते म्हणून लोक मोबाइल फिरवत बसतात. मोबाइलमध्ये दोष नसतो, दोन पावलं बाजूला सरकलं की काम होतं.

बांधकामात काय बघायचं?

उंची २६ मीटर आणि मधल्या घुमटाचा व्यास १५ मीटर. दगड खरोडीचा, पिवळसर बेसॉल्ट, आणि त्याला सिमेंट काँक्रीटची जोड. आपल्याकडे वेरूळचा कातळही बेसॉल्टच, पण तो काळपट. हाच दगड पिवळ्या छटेचा पाहिला की मुलांना नवल वाटतं. बाजूच्या दालनांच्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या आहेत. बीबी का मकबऱ्यातल्या जाळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांनी या जाळ्यांसमोर जरा थांबावं. कमानीचा घाट सोळाव्या शतकातल्या गुजराती वास्तुकलेवरून घेतलेला आहे.

आणखी एक तुलना आपल्याच भागातली. छत्रपती संभाजीनगर हे दरवाजांचं शहर. तिथला भडकल दरवाजा मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये बांधला असं सांगितलं जातं. म्हणजे लढाईची आठवण सांगणारा दरवाजा मराठवाड्यात गेटवेच्या तीनशे वर्षं आधीपासून उभा आहे. निघण्याआधी मुलांना तो दाखवलात तर मुंबईची कमान त्यांना जास्त कळेल.

मराठवाड्याचा आणि गेटवेचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. भारतातून निघालेली शेवटची ब्रिटिश तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून संचलन करत बोटीत बसली. इंग्रज गेले ते याच दरवाजाने, हे आपण पुस्तकात वाचतो. पण त्या दिवशी नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, संभाजीनगर अजून निजामाच्या राज्यातच होते आणि गावोगावी रझाकारांची दहशत होती. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, पोलीस कारवाईनंतर. म्हणजे ब्रिटिश सैन्य गेटवेतून गेल्यावरही सहा महिन्यांहून जास्त काळ मराठवाडा लढतच होता. सहलीत आजोबा-आजी असतील तर त्यांच्या घरातल्या त्या वेळच्या आठवणी इथेच विचाराव्यात.

एका दिवसात होतं का? कोणत्या गाडीने जावं?

होतं, पण गाडी रात्रीची हवी. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकरांसाठी देवगिरी एक्सप्रेस सोयीची. ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे थेट दक्षिण मुंबईत सोडते. नांदेडहून राज्यराणीही रात्रीचीच. लातूर-धाराशिवकरांना लातूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी आहे. तपोवन दिवसा चालते आणि मुंबईत रात्री पोचते, त्यामुळे एका दिवसाच्या बेतात ती बसत नाही. जनशताब्दी आणि वंदे भारतने गेलात तर निम्मा दिवस गाडीतच जातो, तेव्हा मुक्काम धरूनच निघा. बीडकरांपैकी बरेच जण रात्रीच्या बसने येतात. बस दादर किंवा सायनला सोडत असेल तर तिथून पुढे लोकल धरावी लागते, तो तासभर हिशोबात धरा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी आणि मे महिन्यात देवगिरीची स्लीपर पहिल्याच दिवशी भरत आलेली असते. दहा-पंधरा जणांचं कुटुंब असेल तर एका तिकिटावर सहापेक्षा जास्त नावं बसत नाहीत. दोन-तीन जणांनी एकाच वेळी वेगवेगळी तिकिटं काढायला बसावं.

स्टेशनवरून गेटवेला कसं जायचं?

अंतर साधारण अडीच किलोमीटर. पहिली गोष्ट: या भागात ऑटोरिक्षा नाहीत. आपल्याकडच्या सवयीने लोक स्टेशनबाहेर रिक्षा शोधत उभे राहतात आणि तेवढ्यात कुणीतरी मनमानी भाडं सांगणारा गाठतो. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच घ्यावी. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं ३१ रुपये आहे. बेस्टची बस त्याहून स्वस्त. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते आणि तिचं हुतात्मा चौक स्थानक या सगळ्या परिसराच्या मधोमध आहे. ऊन नसेल तर चालत जाणं सगळ्यात चांगलं, वाटेत अर्धं दक्षिण मुंबई बघून होतं.

सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दोरीने बांधलेली पिशवी, उघडी गोणी, चेन तुटलेली बॅग घेत नाहीत. छोटी कुलपं घरूनच आणा, स्टेशनबाहेर ती दुप्पट भावाने मिळतात.

प्रवेश फी किती? तपासणी कशी असते?

फी नाही. ऑगस्ट २००३ चा स्फोट आणि नोव्हेंबर २००८ चा हल्ला, दोन्ही या परिसराने सोसले आहेत, म्हणून आवाराच्या तोंडाशी तपासणी होते. बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात. आत-बाहेर करताना घरची माणसं इथेच चुकतात, तेव्हा भेटायची जागा आधीच ठरवा. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही उत्तम खूण आहे. २६ जानेवारी १९६१ ला तो उभा राहिला आणि त्याआधी त्या आवारात पंचम जॉर्जचा पुतळा होता, हेही मुलांना सांगा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येत असाल तर सावध. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाने कराचीवर हल्ला चढवला, तो दिवस नौदल दिन म्हणून पाळतात. त्यानिमित्त गेटवेवर नौदलाचं संचलन होतं, तेव्हा त्या दिवशी आणि सरावाच्या दिवशी दुपारनंतर परिसर बंद असू शकतो.

फोटो कधी चांगले येतात? सूर्यास्त दिसतो का?

गेटवेवर सूर्यास्त दिसत नाही. इथला समुद्र पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्योदय बघायचा. सकाळी उन्हाची तिरीप समुद्राच्या बाजूने कमानीवर येते, तेव्हा शहराच्या बाजूने काढलेल्या फोटोत चेहरे काळे पडतात. दुपारनंतर ऊन शहराच्या बाजूने येतं आणि फोटो स्वच्छ निघतात. सूर्यास्तासाठी मरीन ड्राइव्हला जा. तिथे गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांनी गोळ्या अंगावर घेत कसाबला धरून ठेवलं, ते तिथेच. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पुतळा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शोधून जा.

आवारात फोटो काढून लगेच छापून देणारे बरेच असतात. एका फोटोचे किती, आणि किती फोटो, हे दोन्ही आधी ठरवा. भांडणं होतात ती दुसऱ्या गोष्टीवरून: एक सांगितलेला असतो आणि आठ छापून हातात ठेवतात.

अफगाण चर्च कुठे आहे आणि तिथे काय बघायचं?

कुलाब्याच्या टोकाकडे, नेव्ही नगरच्या वाटेवर, गेटवेपासून साधारण तीन किलोमीटर. नेव्ही नगरची बस किंवा टॅक्सी. हे चर्च म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं स्मारक. १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं, मनोरा पुढे १८६५ मध्ये पुरा झाला. जवळपास साठ मीटर उंचीचा तो मनोरा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसायचा.

आत गेल्यावर वेदीच्या बाजूचा स्मरणलेख वाचा. त्याचा आशय असा: अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत, आणि साधे शिपाई इतके मेले की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. आजाराने मेलेले आणि तलवारीने मेलेले, दोघांचाही त्यात उल्लेख आहे. या एका लेखासमोर पाच मिनिटं उभं राहिलात तर या सगळ्या सहलीचं चीज झालं असं समजा.

हे प्रार्थनेचं ठिकाण आहे. आवाज नको, आणि फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. दार बंद असलं तरी बाहेरून मनोरा आणि दगडकाम बघता येतं.

नाविकांचं स्मारक कोणतं?

दोन वेगळी आहेत आणि लोक ती एकत्र करतात. कुलाब्यात कूपरेजजवळ आहे ते १९४६ च्या उठावाचं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्यातल्या 'तलवार' या नौदल प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट अन्नावरून आणि अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीवरून काम बंद केलं. बघता बघता जहाजांवरचे आणि बराकींतले हजारो नाविक सामील झाले, शहरातले गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गोळीबारात अनेक जण गेले.

दुसरं मस्जिद बंदर स्टेशनजवळ, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचं ते स्मारक आहे. ही जागा पर्यटनाची नाही, वसतिगृहाची आहे. दारावर चौकशी करून, परवानगी मिळाली तरच आत जा. गट घेऊन अचानक जाऊ नका.

याच महायुद्धात आपल्या बाजूची माणसंही होती. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबाद लान्सर्स पश्चिम आशियात लढायला गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा आहे.

वस्तुसंग्रहालयाला किती वेळ द्यावा?

कमीत कमी अडीच तास. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गेटवेपासून दहा मिनिटांवर आहे आणि तेही विटेट यांनीच बांधलं. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि तिथे जखमी सैनिकांचं रुग्णालय उघडलं. संग्रहालय म्हणून ती खुली झाली १९२२ च्या जानेवारीत. सकाळी सव्वादहापासून संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला बंद, आणि शाळांच्या सहली नेमक्या त्याच सुट्ट्यांना जोडून निघतात! शाळेच्या गटाला सवलत मिळते, पण मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र हवं.

हुतात्मा चौक चालत होतो का?

हो. संग्रहालयातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याने सरळ चालत सुटा. वाटेत जहांगीर आर्ट गॅलरी लागते, तिथे तिकीट नाही. पंधरा मिनिटांत चौक येतो. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे मोर्चावर गोळीबार झाला, पुढे आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. शेजारच्या फलकावरची नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. चौकात वाहनं चारही बाजूंनी येतात, रस्ता सिग्नललाच ओलांडा. इथून स्टेशन पुन्हा पंधरा मिनिटांवर.

घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या लेण्यांना, जायचं तर?

मग त्या दिवशी दुसरं फारसं काही होत नाही, हे आधी मान्य करा. जाणं-येणं दोन तास, चढण आणि लेणी दोन ते अडीच तास.

सोमवारी लेणी बंद. पहिली होडी सकाळी नऊच्या सुमारास, आणि दुपारी दोननंतर गेटवेवरून निघाल्यास लेण्यात निवांतपणा मिळत नाही. तिकीट खिडकीवरच घ्या. तिथे 'हार्बर फेरी'चंही तिकीट विकतात. ती अर्ध्या तासाची नुसती समुद्रातली चक्कर असते, घारापुरीला थांबत नाही. स्वस्त म्हणून ते तिकीट घेऊन फसलेले लोक रोज दिसतात. 'जाऊन-येऊन घारापुरी' असं स्पष्ट बोलून घ्या. परतीचा भाग जपून ठेवा, तो हरवला तर नवं तिकीट काढावं लागतं. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जादा पैसे होडीतच घेतात.

लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी होडीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि तेराहून अधिक माणसांचा जीव गेला. जॅकेट सीटखाली असून उपयोग नसतो. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं, म्हणून लहान मापाचं मागून घ्या आणि पट्टे आवळा.

धक्क्यावरून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर डोलीची सोय आहे, भाडं जाऊन-येऊन ठरवा. माकडं हातातली बाटली आणि पिशवी ओढतात, खाणं उघडं ठेवू नका.

वेरूळ पाहिलेल्यांना इथे एक गंमत आहे. वेरूळचं २९ क्रमांकाचं लेणं, धुमार लेणं, आणि घारापुरीचं मुख्य लेणं यांची मांडणी एकमेकांशी जुळते. खांब, बाजूंचे दरवाजे, शिवाच्या कथांचे मोठे पट. वेरूळला पर्यटक कैलास पाहून परततात आणि २९ कडे जातच नाहीत. आधी ते पाहून मग घारापुरीची सुमारे वीस फुटी त्रिमूर्ती पाहावी.

पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

जून ते ऑगस्ट टाळा. गेटवेवरून अलिबागकडे मांडव्याला जाणाऱ्या बोटी तेव्हा बंदच असतात, घारापुरीच्या होड्या समुद्राचा अंदाज बघून सुटतात किंवा सुटत नाहीत. मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा धक्क्याच्या भिंतीवरून आत येतात आणि पोलीस आवार रिकामं करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ वर असतो, मुंबईत ३४. तरी आपलीच माणसं तिथे चक्कर येऊन बसतात. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच उडतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो. पाण्याबरोबर मीठ-साखरही घ्या, आणि सुती कपडे घाला.

जेवणाचं काय?

गेटवेसमोर महाग पडतं. फोर्टमध्ये आणि स्टेशनच्या आजूबाजूला साधी थाळी मिळते. भाकरी मात्र शोधावी लागेल. घरून धपाटे नेत असाल तर पिठात दही घालू नका. दमट हवेत दह्याचे धपाटे दुपारपर्यंत आंबूस होतात. पाण्यात मळलेले, पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधलेले टिकतात. गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर वाफ धरून चिकट होतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

शाळेची सहल एसटीने आणली तर?

गेटवेजवळ बस उभी करता येत नाही. संग्रहालयासमोरच्या चौकात मुलं उतरवून चालक बस लांब नेतो. परत कुठे आणि किती वाजता, हे चालकाला कागदावर लिहून द्या, कारण गर्दीत फोन लागतोच असं नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचं नाव आणि शिक्षकाचा नंबर असलेली चिठ्ठी हवी. होडीत बसण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा, छोट्या होड्यांवर ती सोय नसते.

परतीची गाडी रात्रीची आहे, स्टेशनवर कधी यावं?

गाडीच्या दीड तास आधी. क्लोकरूमला संध्याकाळी रांग असते आणि पावती हरवली असेल तर ओळखपत्र, अर्ज असं करत अर्धा तास सहज जातो. पावतीचा फोटो सकाळीच मोबाइलमध्ये काढून ठेवा.